हळदीचा डाग आणि समुद्राचे पाणी

आजच्या भाषणाचा विषय समुद्राचा आहे. आपला जिल्हा समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडचा. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र एखाद्या वेळी मुंबईस गेल्यावर पाहिला असेल, काहींनी चित्रातच पाहिला असेल. म्हणून मी सुरुवात समुद्रापासून करीत नाही. सुरुवात करतो ती आपल्या अंगणातील दोरीवर वाळत घातलेल्या धोतरापासून.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. हळदीच्या दिवशी माझे धोतर पिवळे झाले, ते अगदी हातभर. साबण लावला तसा डाग लाल झाला. हळदीला साबणाचा खार लागला म्हणजे ती लाल होते, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा झाला, पण गेला नाही. माझी आई म्हणाली, "राहू दे, घासू नको. उन्हात टाक." चैत्राचे ऊन होते. दोन दिवसांत डाग फिका झाला आणि चौथ्या दिवशी शोधूनही सापडेना.

माझी धाकटी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने विचारले, "आजी, डाग कुठं गेला?"

"अगं, उन्हानं खाल्ला."

"म्हणजे उन्हाच्या पोटात गेला का?"

आई हसली आणि म्हणाली, "आता ते तुझ्या बाबाला विचार. त्याला पगार कशाचा मिळतो?"

श्रोतेहो, मुलीचा प्रश्न साधा नव्हता. डाग पाण्याबरोबर वाहून गेला असता तर गोष्ट वेगळी. पण धोतर तर दोरीवर कोरडे होते. मग हळद गेली कुठे? नाहीशी होणे असे निसर्गात काही नसते. एक वस्तू मोडते आणि तिची दुसरी होते. हाच प्रश्न नदीच्या आणि समुद्राच्या पाण्याविषयी विचारला, तर त्याचे उत्तर फार दूरवर घेऊन जाते. आज आपण तेवढा प्रवास करू या.

प्रथम हळद. हळदीला पिवळा रंग देणारे जे द्रव्य आहे त्याला कर्क्युमिन म्हणतात. त्याचा एकेक रेणू म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे अणू एकमेकांना जोडून केलेली लांब साखळी. वस्तूला रंग असतो याचा अर्थ ती प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला परत फेकते. हळद निळा, जांभळा आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळते. म्हणून उरलेला पिवळा आपल्याला दिसतो. आता प्रकाश हा पुड्या बांधून येतो असे समजा. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी ही गोष्ट मांडली. तांबड्या प्रकाशाची पुडी हलकी, निळ्याची जड, अतिनील प्रकाशाची त्याहून जड. अशी जड पुडी गिळल्यावर रेणूची साखळी एखाद्या ठिकाणी तुटते. कर्क्युमिन तुटले म्हणजे त्याचे जे लहान तुकडे होतात त्यांतला एक आहे व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला वास येतो ते द्रव्य. हे लहान तुकडे दिसणारा प्रकाश गिळत नाहीत, म्हणून त्यांना रंग नसतो. डाग गेला असे आपण म्हणतो; खरे पाहता डागाचे तुकडे झाले.

येथे एक नियम ध्यानात ठेवावा. जो प्रकाश गिळला जातो, तोच काम करतो. जो आरपार निघून जातो किंवा परत फिरतो, तो काही करीत नाही. म्हणून ऊन रंगीत वस्तूंवर आधी तुटून पडते.

आमच्या शेतकरी बंधूंना याचे दुसरे उदाहरण सांगायला नको. शेततळ्यात अंथरलेला कागद पाण्याखाली असतो तोवर टिकतो. पण काठावर जो उघडा राहतो, तो काही वर्षांत कडकडीत होऊन फुटतो. तो काही उष्णतेने वितळलेला नसतो. अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तोडलेल्या असतात.

आता घरातून बाहेर पडून नदीवर जाऊ.

अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूने मुळा निघते. त्या भागात पावसाळ्याच्या अखेरीस एखाद्या ओढ्याच्या डोहाकडे निरखून पाहा. गाळ खाली बसलेला असतो, पाणी नितळ असते, तळाचे दगड दिसतात. तरी पाण्याला कोऱ्या चहासारखी छटा असते. हा चहाच आहे म्हणा ना! झाडांचा पाला, साल, हिरड्याची फळे, कुजलेले गवत, हे सारे पाण्यात भिजून त्यांचा अर्क उतरलेला असतो. गाळून घेतले तरी हा रंग जात नाही, कारण तो गाळ नव्हे. साखर विरघळावी तसे हे द्रव्य पाण्यात विरघळलेले असते. याला विरघळलेले सेंद्रिय द्रव्य म्हणतात. कर्ट काले या जर्मन समुद्रशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात समुद्राच्या पाण्यात असेच रंगीत द्रव्य ओळखले आणि त्याला आपल्या भाषेत साधे नाव दिले, त्याचा अर्थ 'पिवळे द्रव्य'.

माती परीक्षणाचा कागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यावरील 'सेंद्रिय कर्ब' हा शब्द माहीत आहे. शेतातल्या सेंद्रिय कर्बाचा काही भाग पावसाच्या पाण्यात विरघळून ओढ्याला मिळतो. ओढा प्रवरेला, प्रवरा टोक्याजवळ प्रवरासंगमाला गोदावरीला, आणि तेथून जायकवाडीचा नाथसागर ओलांडून ते पाणी मराठवाडा, तेलंगण, आंध्र असे करीत राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागरास मिळते. गोदावरीची एकंदर लांबी १४६५ किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सीना आणि घोड या नद्या भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णाही त्याच उपसागराला. अरबी समुद्र आपल्याला जवळचा. पण घाटमाथ्याची कड सोडली तर आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस दूरच्या समुद्राला जातो, आणि जाताना आपल्या मातीचा अर्क बरोबर नेतो.

जगातल्या सगळ्या नद्या मिळून दर वर्षी सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात. समुद्रात असा कर्ब एकंदर किती असावा? तो सुमारे ६६,००० कोटी टन आहे. हवेमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने जितका कर्ब आहे, त्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश. आकडा मोठा, पण समुद्र त्याहून मोठा असल्यामुळे एका लिटरमागे तो अर्धा ते एक मिलिग्रॅम एवढाच भरतो. मीठ लिटरमागे ३५ ग्रॅम असते. घागरभर समुद्राचे पाणी घेतले तर त्यातला हा सारा कर्ब गव्हाच्या एका दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा होईल. एवढ्याशा गोष्टीसाठी शास्त्रज्ञांनी आयुष्ये घालवली, याचे कारण पुढे येते.

गुरुजनांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. नद्या वर्षाला २५ कोटी टन नेतात, समुद्रातील साठा ६६,००० कोटी टन. भागाकार केला तर २,६४० वर्षे येतात. म्हणजे नद्यांनी आणलेले द्रव्य समुद्रात जसेच्या तसे राहत असते, तर एवढ्या काळात नुसत्या नद्यांनीच हा सगळा साठा भरला असता. समुद्र तर कोट्यवधी वर्षांचा. शिवाय समुद्रातील सूक्ष्म वनस्पती आपल्या परीने नवे सेंद्रिय द्रव्य रोज पाण्यात सोडीत असतात, ते वेगळेच. मग समुद्र आतापर्यंत काळ्या चहासारखा का झाला नाही?

दुसरे आश्चर्य असे. जमिनीवरच्या झाडाला, ज्वारीच्या ताटाला, उसाच्या चिपाडाला जो कणखरपणा असतो, तो लिग्निन नावाच्या द्रव्याने येतो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमध्ये लिग्निन नसते. तेव्हा पाण्यात विरघळलेले लिग्निन सापडले की समजावे, हा पाहुणा जमिनीवरून आलेला आहे. नद्यांच्या पाण्यात हा पाहुणा भरपूर असतो. खुल्या समुद्रात शोधावा, तर अगदी थोडा. दारातून माणसे आत जाताना दिसतात, पण घरात कोणी नाही! कोणीतरी त्यांचा फडशा पाडीत असले पाहिजे.

पहिला संशय जिवाणूंवर येतो, आणि तो योग्यच आहे. पाण्यातले जिवाणू साखर, प्रथिने असले सोपे अन्न काही तासांत किंवा दिवसांत संपवतात. परंतु लिग्निन आणि कुजलेल्या पाल्याचा काळा अर्क त्यांना सहजी पचत नाही. मोठमोठे, गुंतागुंतीचे रेणू. एखाद्या मुलासमोर न सोललेला नारळ ठेवावा तसा प्रकार. नारळ फोडणारा कोणीतरी हवा. श्रोतेहो, तो फोडणारा म्हणजे ऊन.

ऊन समुद्राच्या वरच्या थरातील या द्रव्याचे तीन प्रकारे काम करते.

एक. काही रेणू ते अगदी शेवटपर्यंत मोडते. त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि थोडा भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत शेगडी पेटवून निजू नये असे आपण ज्याच्या भयाने सांगतो, तोच हा वायू. समुद्रात तो फारच थोडा असतो, भिण्याचे कारण नाही. पण त्याने शास्त्रज्ञांना एक छान साक्ष दिली. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून दाखवले की समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात हा वायू हवेच्या मानाने जास्त आहे, म्हणजे समुद्रच तो तयार करतो आहे. आणि त्याचे प्रमाण दिवसा चढते, दुपारी उच्च होते, रात्री उतरते, पहाटे सर्वांत कमी असते. उन्हाच्या घड्याळाप्रमाणे चालणारा हा वायू कोणाचे काम आहे, हे वेगळे सांगायला नको.

दोन. काही मोठ्या रेणूंचे ते लहान तुकडे करते. पायरुव्हिक आम्ल, फॉर्मालडिहाइड असे हे तुकडे असतात, आणि कधी कधी नत्र अमोनियाच्या रूपाने सुटा होतो. हे जिवाणूंना पचतात. ऊन नारळ फोडते आणि जिवाणू खोबरे खातात. १९८९ साली डेव्हिड किबर, केनेथ मॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की उन्हाने असे तुकडे तयार होतात आणि समुद्रातील सूक्ष्म जीव ते उचलतात. जिवाणूंना मग त्यांच्याहून किंचित मोठे जीव खातात, त्यांना मासळीची पिले. म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या उतारावर गळलेल्या पानाचा अंश माशाच्या अंगी लागू शकतो, आणि मध्ये त्याला शिजवून देणारे असते ऊन.

तीन. हे मात्र उलटे आहे. काही द्रव्य उन्हात पडल्यावर जिवाणूंना खायला अधिकच अवघड होते. ताजे, सोपे अन्न असेल तर उन्हाने त्याचे कधी कधी असे होते. तेव्हा ऊन नेहमीच सोय करते असे नाही. शास्त्रात 'नेहमी' हा शब्द जपून वापरावा लागतो.

याला प्रयोगाचा आधार आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टीफन ऑपसाल आणि रोनाल्ड बेनर यांनी अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे पाणी २८ दिवस उन्हात ठेवले. त्यातील विरघळलेल्या लिग्निनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश नाहीसे झाले. पाहुणे कोठे गेले, याचे उत्तर बरेचसे मिळाले.

आता कोणी विचारील, ऊन इतके करते, तर समुद्रात ६६,००० कोटी टन उरले कसे?

कारण समुद्र खोल आहे आणि ऊन उथळ आहे. समुद्राची सरासरी खोली पावणेचार किलोमीटरच्या आसपास. रेणू तोडणारे अतिनील किरण अगदी नितळ, निळ्या समुद्रात काही दशक मीटर उतरतात. नदीच्या मुखाशी, जेथे पाणी गढूळ आणि पिवळे असते, तेथे ते हातभर किंवा त्याहूनही कमी खोलीत संपतात. गंमत पाहा: पिवळे द्रव्य जेथे जास्त, तेथे तेच स्वतः छत्री होऊन खालच्या द्रव्याला उन्हापासून वाचवते. पाणी दूर जाते, पातळ होते, गाळ बसतो, तसे ऊन खोल शिरते. म्हणून आपल्या नद्यांच्या पुराचे पाणी मुखाशी लगेच स्वच्छ होत नाही. पावसाळ्यात वर ढगही असतात. आश्विन-कार्तिकात आकाश निवळले म्हणजे उन्हाला पुरते काम करता येते.

खाली मात्र कायमचा अंधार. तेथील द्रव्याचे वय शास्त्रज्ञांनी काढले. जुन्या हाडांचे, लाकडाचे वय ज्या कर्ब-१४ च्या पद्धतीने काढतात, तीच पद्धत. १९८७ साली पीटर विल्यम्स आणि एलन ड्रफेल यांनी पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यातील विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाचे सरासरी वय सुमारे ६,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. अटलांटिकमध्ये ते ४,००० वर्षांच्या आसपास निघते. नेवाशाला प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली, त्याला सव्वासातशे वर्षांहून अधिक झाली. हे द्रव्य त्याच्याही कितीतरी पूर्वीचे, आणि अजून पाण्यात तसेच विरघळलेले आहे.

खोल पाणी कायम खोल राहत नाही. सागराचे पाणी अतिशय संथपणे खालीवर फिरत असते; एका फेऱ्याला हजार वर्षांच्या हिशेबात काळ लागतो. अशा फेऱ्यात हे पुराणे द्रव्य केव्हातरी वर, उन्हात येते. १९९१ साली मॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात असा विचार मांडला की, ज्याला हजारो वर्षे जिवाणू पचवू शकले नाहीत, त्याचा निकाल लावण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पृष्ठभागावरचे ऊन हाच असावा. अंधारात सहा हजार वर्षे टिकलेले, आणि उन्हात आल्यावर खचू लागणारे! आजीच्या "उन्हानं खाल्ला" या शब्दांचा अर्थ येथे केवढा मोठा झाला, तो पाहा.

आता वर म्हटलेले कारण सांगतो. हा साठा हवेतल्या कर्बाच्या तोडीचा आहे. आपण कोळसा आणि तेल जाळून हवेत कर्ब वाढवतो आहोत, त्याने पृथ्वी तापते आहे. समुद्रातील हा साठा किती वेगाने मोडतो आणि किती वेगाने पुन्हा भरतो, हे कळल्याशिवाय तापमानाचा हिशेब पुरा होत नाही. वातावरणातील ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्या थराची झीज थांबवण्याचा जगाने प्रयत्न केला, तो आपल्या कातडीइतकाच समुद्रातील या व्यवहारासाठीही महत्त्वाचा होता.

समुद्राच्या रंगाविषयी दोन शब्द सांगून मग घरी परत येतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीने युरोपातून परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, अशी तेव्हा समजूत होती. त्यांनी खिशातल्या एका विशेष स्फटिकातून पाहून आकाशाची परत आलेली चमक अडवली, तरी पाणी निळेच दिसले. निळाई पाण्याची स्वतःची आहे, असे त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले. ती निळाई दिसायला मात्र पाण्यात पिवळे द्रव्य नसावे लागते. निळ्यात पिवळे मिसळले की हिरवे होते, हे चित्रकलेच्या तासाला प्रत्येक मूल शिकते. नदीमुखांजवळचा समुद्र हिरवट दिसतो त्यात सूक्ष्म वनस्पतींबरोबर या पिवळ्या द्रव्याचाही हात असतो. भर समुद्राच्या निळाईत रामन यांच्या पाण्याचा जसा वाटा आहे, तसा पिवळे पुसून टाकणाऱ्या उन्हाचाही आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ऊन पाणी शुद्ध करते तर! थांबा. या समजुतीने माझी एकदा फजिती झाली आहे, आणि ती सांगणे माझे कर्तव्य आहे.

पंधरा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या मुलांचे श्रमसंस्कार शिबिर घेऊन मी डोंगराकडच्या एका गावी गेलो होतो. पाण्यासाठी उघडा हौद होता, वर झाडाची सावली अर्धी, ऊन अर्धे. पाण्याला पाल्याची पिवळट छटा होती. मी तक्ता पाहून टी.सी.एल. पावडर मोजली आणि दुपारी बारा वाजता स्वतःच्या हाताने हौदात टाकली. सायंकाळी एका मुलाने विचारले, "सर, ओ.टी. टेस्ट करायची का?" मी म्हणालो, "तक्त्याप्रमाणे टाकली आहे, शिवाय दिवसभर ऊन पडलंय. पाणी चांगलंच असणार." तिसऱ्या दिवशी अकरा मुलांना जुलाब सुरू झाले. एकाला रात्री जीपने तालुक्याच्या गावी नेऊन सलाइन लावावे लागले. त्याच्या वडिलांना फोन करताना माझा हात कापत होता. मुलगा बरा झाला. मी मात्र ती रात्र विसरलो नाही.

चूक काय झाली, ते आता तुम्हीही सांगू शकाल. पिवळे द्रव्य म्हणजे सेंद्रिय द्रव्य. क्लोरीन जंतूंकडे जाण्याआधी त्या द्रव्याशीच झगडून खर्च होतो. तक्ता स्वच्छ पाण्याचा होता, माझे पाणी तसे नव्हते. जो थोडा क्लोरीन उरला, तो दुपारच्या उन्हाने मोडला; कारण ऊन हळदीचा रेणू जसा मोडते, तसा पाण्यातील क्लोरीनही मोडते, आणि तो तर काही तासांतच. ज्या उन्हाचा मी भरवसा धरला, त्यानेच माझे औषध खाल्ले. चाचणी केली असती तर पिवळा रंग आला नसता, आणि मला कळले असते.

तेव्हा जलसुरक्षक बंधूंना आणि शिक्षकांना माझी विनंती अशी. टी.सी.एल. शक्यतो दिवस मावळल्यावर टाकावी, म्हणजे रात्रभर तिला काम करता येते. टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी वापरू नये. पाण्याला पाल्याचा रंग असेल तर तक्त्यावर विसंबू नये. चाचणी घ्यावी आणि रंग आला नाही तर पुन्हा मात्रा द्यावी. पावडरची पिशवी उन्हात, उघडी ठेवू नये. हौदावर झाकण असावे, आणि पाला पडणार नाही असे पाहावे.

उन्हाने जंतू मरतात, हे खोटे नाही. १८७७ साली डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी ते दाखवले. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील अफ्तीम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास या गुणाचा उपयोग पिण्याच्या पाण्यासाठी करून दाखवला. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची, ढगाळ असेल तर दोन दिवस. पण अट ही की पाणी आधीच नितळ हवे. गढूळ किंवा रंगीत पाण्यात किरण आत शिरतच नाहीत. समुद्राच्या मुखाशी जे होते तेच बाटलीत होते. आणि पाण्यात विरघळलेले क्षार, खतांतून उतरलेले नायट्रेट, फ्लोराइड यांना ऊन हातही लावीत नाही. ते रंगहीन असतात, प्रकाश गिळत नाहीत. रंग गेला म्हणजे दोष गेला, असे नव्हे.

शेवटी, शाळांसाठी एक छोटा प्रयोग. मूठभर जुने, चांगले कुजलेले शेणखत एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी चार पदरी फडक्यातून दोनदा गाळा. ते पाणी चांगले उकळा, म्हणजे शेवाळ आणि जिवाणू आपल्या प्रयोगात लुडबुड करणार नाहीत. फिक्या चहाइतका रंग येईल असे उकळलेले पाणी त्यात मिसळा. आता सारख्या तीन पारदर्शक बाटल्या भरा आणि बुचे लावा. पहिली वर्गातल्या कपाटात ठेवा. दुसरी जाड काळ्या कापडात गुंडाळून उन्हात ठेवा. तिसरी तिच्या शेजारी उघडी. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात दोन-तीन आठवडे थांबा, आणि दर आठवड्याला तिन्ही बाटल्यांमागे पांढरा कागद धरून रंग पाहा. तिसरी फिकी होत जाईल. दुसरी बाटली कशासाठी, हे मुलांनाच विचारा. रंग उष्णतेने गेला की प्रकाशाने, याचा निवाडा तीच करते. हे पाणी मात्र कोणी पिऊ नये. फिके झाले तरी!

श्रोतेहो, मुलीला मी जे उत्तर दिले ते सांगून थांबतो. मी म्हणालो, "बाळ, आजीनं सांगितलं ते बरोबर आहे. उन्हानं खाल्ला. पण ऊन गिळून टाकत नाही, ते चावून बारीक करतं. थोडं हवेत सोडतं, थोडं दुसऱ्या जिवांच्या ताटात वाढतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "मग आपल्या शेतातली माती वाहून जाते, तीपण ऊन खातं का?"

तिचा काळा अर्क खाते, असे मला कबूल करावे लागले. जो सेंद्रिय कर्ब आपण शेणखत घालून, पाचट कुजवून वर्षानुवर्षे शेतात जमवतो, तो एकदा ओढ्याला मिळाला की आपला राहत नाही. समुद्राला त्याचा उपयोग आहे, मासळीला आहे, पण बांधावर उभ्या असलेल्या आपल्याला नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी पाणी आणि माती अडवून दाखवली. पाणी अडवावे ते विहिरीसाठी, हे आपण जाणतोच. त्या पाण्यातला चहाचा रंगही आपलाच आहे, एवढे आज त्यात मिळवू या.